वगळलेलं घराणं

सावाई बेट, सोमवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

ती. अलापातीदादास,

धाकट्या सेफोचा मनापासून नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट आहेत, डुकरंसुद्धा. ऑकलंडच्या थंडीत तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींची साखर उतरली का? तुमच्या चर्चचं छप्पर गळायचं थांबलं का? (थांबलं नसलं तरी कळव, आमच्या पाळकांना तेवढाच धीर येईल.)

गेल्या सोमवारी सकाळची प्रार्थना आटोपल्यावर मी अंघोळ केली, कोरी लुंगी नेसली आणि सभेला बसावं तसा संगणकापुढे मांडी घालून बसलो. प्रसंगच तसा होता. आमच्या होड्यांच्या खेळाने कळवलं होतं की शनिवारपासून तो जुन्या प्रणालीवर चालणार नाही, आणि नवी प्रणाली माझ्या म्हाताऱ्या संगणकाला पेलणारी नव्हती. तू म्हणशील, पन्नाशीला आलेल्या माणसाला खेळ हवा कशाला? दादा, लागी तुमच्या ऑकलंडला नोकरीला गेल्यापासून फोनवर 'बरी आहे, जेवले, आईला सांगा' याच्या पुढे जात नाही. पण शनिवारी खेळात आम्ही बापलेक एकच होडी हाकतो, ती सुकाणूवर आणि मी शिडावर. लाटा अंगावर यायला लागल्या की माणूस मन झाकायचं विसरतो. तेवढ्यात ती जे बोलते, तेवढीच माझी मुलगी मला उरली आहे. ती वेळ जाऊ द्यायची नव्हती.

तू मागेच म्हणाला होतास, "सेफ्या, लिनक्स ही प्रणाली घाल, फुकट आहे. आणि त्यातही मिंट घाल, तुझ्यासारख्या नवख्याला तेच झेपेल." दादा, ते 'तुझ्यासारख्या' मला फार लागलं. मिंट सोडून काहीही घालीन, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आता लिनक्स हे गाव एक, पण त्यात घराणी अमाप. गावच्या सभेचा वक्ता म्हणून माझी हयात गेलेली. वंशावळ पाठ केल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. डेबियन हे आजोबा, उबुंटू त्यांचा मुलगा, फेडोराचं बिऱ्हाड वेगळं, आर्चवाले आपलं घर खांबापासून स्वतः उभारणारे. सगळं घोकून मी लिनक्सवाल्यांच्या चर्चेच्या पानावर सभेत बोलावं तसं लिहिलं. प्रत्येक घराण्याला मानाप्रमाणे नाव घेऊन वंदन केलं, त्यांच्या पूर्वजांना स्मरलं आणि मगच विचारलं की खेळणाऱ्या नवख्याने कुणाच्या दारी जावं. फक्त उबुंटूच्या लेकाचं, मिंटचं, नाव घेतलं नाही. (तुझ्यामुळे.)

तिथे सभेसारखी शांतता पसरेल अशी माझी कल्पना. एकाने विचारलं, "काका, प्रश्न आहे की लग्नपत्रिका?" दुसऱ्याने आर्चचं नाव चौथं घेतल्याबद्दल मला झाडलं, तिसऱ्याने त्या दुसऱ्याला झाडलं. आणि मग होबार्टच्या ब्रॉनविनबाईंनी एकच ओळ लिहिली, "आम्ही मिंटवाले या गावात राहत नाही वाटतं?"

दादा, भर सभेत घराणं वगळायचं! तुझ्या डोळ्यांपुढे आपले आजोबा असतील. आपल्या हातून अपमान झाला म्हणून माफी मागायला घरातली सगळ्यांत मोलाची चटई डोक्यावरून पांघरून ते समोरच्याच्या दारात बसले, आणि त्याने ती स्वतःच्या हाताने उचलेपर्यंत हलले नाहीत. मीही तीच चटई काढली आणि संगणकापुढे बसलो. तालियाला फोटो काढायला सांगितला.

"अहो, पोट आत घेऊ नका, चटईखाली दिसत नाहीये," ती म्हणाली. "आणि तुम्ही उठेपर्यंत डुकरांना खायला मीच घालायचं का?"

फोटोखाली 'मी बसलो आहे' एवढंच लिहिलं. आणि खरंच बसलो. तालियाने तारोचा उकडलेला कंद चटईखाली सरकवला. शेवटी बाईंचं उत्तर आलं, "उठा हो सेफोभाऊ, गुडघे धरतील. चटई मी उचलली. आता सांगा, खेळ कोणता?" इतक्या भांडणात हे कुणी विचारलंच नव्हतं! काही खेळ म्हणे लिनक्सवाल्यांना दारातूनच परत पाठवतात. आमचा तसा नाही, हे बाईंनी आधी पाहून घेतलं. मग पेनड्राइव्हवरून चालवून बघा, मग जुन्या प्रणालीच्या शेजारी जागा करून बसवा, असं एकेक करून शिकवलं. भांडणारेही निमूटपणे मदतीला आले. चटईपुढे कोण भांडणार?

शनिवारी होडी सुटली, दादा! पूर्वीपेक्षा वेगात! तुझा नवखा शिडावर उभा होता. लागी ओरडली, "बाबा, तुम्ही आलात! मला वाटलं आता नाहीच येणार!" आम्ही तिघा पोरट्यांना मागे टाकलं आणि मी देवाचे आभार इतक्या मोठ्याने मानले की शेजारून आमेन आलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
सेफो

ता. क. : शेवटच्या वळणावर सुकाणू फिरवता फिरवता लागी म्हणाली, "बाबा, इथं रविवारी फार एकटं वाटतं." तेवढंच. मी शीड धरून होतो. दादा, चर्चनंतर तिला दर रविवारी जेवायला घरी ने. नारळाच्या दुधातली तारोची पानं तिला आवडतात. मी लिहिलं होतं, असं मात्र सांगू नकोस.

ता. क. २ : घराणं कोणतं घातलं, ते राहिलंच. चटई उचलणाऱ्याचं घर सोडून दुसरीकडे कसा जाणार? मिंट. शेजारची जुनी प्रणाली आज प्रार्थनेनंतर माझ्या हाताने पुसून टाकली. आता हसून घे.