मासिकाची चटणी आणि कावळा

तीर्थरूप त्र्यंबकदादांस सुधींद्रचा साष्टांग नमस्कार. सांगलीत थंडी असेल, गुडघा सांभाळा. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायचं असतं, म्हणून लिहितो.

जानकीच्या वेदनांसाठी तुम्ही दिलेलं भांगेच्या पानांचं तेल आठवत असेल. (पान औषधात चालतं, गांजा चालत नाही आणि तुमच्यासारख्या वैद्याच्या चिठ्ठीशिवाय काहीच मिळत नाही, हे तुम्ही पुन्हा पुन्हा बजावलं होतं.) कडू लागायचं म्हणून ती ते थेंब थेंब तिळाच्या चटणीत घालून भात खायची. औषधाचं कुणाला कळू द्यायचं नाही, ही तिची अट. आमच्या या ब्राह्मण आळीत, अग्रहारात, बातमी ऑटोच्या आधी पोचते. बाटलीवरचा कागदही तिनेच सोलून काढला होता.

सोमवारी तिचं पहिलं मासिक श्राद्ध झालं. कावळा पानाला शिवेना. कमलिनीवहिनी रडून लाल. त्यांच्या पूजिताच्या लग्नातल्या बिसीबेळे भातावरून दोघी जावांनी धरलेला अबोला शेवटपर्यंत सुटला नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. कावळा आपल्यामुळेच अडलाय असं त्यांच्या मनाने घेतलं. मग त्यांना आठवलं, जानकी आजारात फळीवरचं तेल घालून तिळाची चटणी खायची. आवडीचंच असणार. त्यांनी चटणी वाटली आणि सगळी बाटली तीत उपडी केली. (मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला फारसं कुणी विचारत नाही.)

कावळा आला. खाल्लं, पुन्हा खाल्लं आणि कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत हलला नाही. वहिनी हात जोडून म्हणाल्या, “जानकी, सिट्टू गेला ना गं तुझा?” (सिट्टू म्हणजे राग, तुम्ही कन्नड विसरला असाल.) कावळ्याने डोळे मिटले.

तुम्हीच सांगितलं होतं, या तेलातला एक अंश दुखणं शमवतो, दुसरा डोक्यात जातो. दोन्ही पाण्यात नाही, तेलातुपात विरघळतात आणि पोटातून चढायला तासभर तरी लागतो. म्हणूनच जेवणं नीट पार पडली. निघताना मात्र पुरोहित नरसिंहमूर्ती, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नाही, चपलांकडे बघून हसत सुटले. डावी आधी घातली तर उजवीला वाईट वाटेल म्हणाले. त्यांना ऑटोत बसवून आत आलो, तर फळीवर रिकामी बाटली. श्राद्धाच्या ब्राह्मणांना मी भांग चारली. हा गुन्हा कोणत्या कलमात बसतो, दादा?

दुसऱ्या दिवशी सगळे ठणठणीत होते. नरसिंहमूर्तींनी पुढच्या मासिकाची तारीख स्वतःहून विचारली.

आपला,
सुधींद्र

ता. क. वहिनींना कळवू नका. जानकीने माफ केलं, असं त्या घरोघर सांगताहेत.

आणखी एक. चटणी मीही दोनदा वाढून घेतली होती. ती गेल्यापासून पहिल्यांदा झोप लागली. मला तपासून माझ्या नावाची चिठ्ठी देता येईल का? काल तिची जुनी चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, ही चालणार नाही, पेशंटला घेऊन या. मी मान हलवून परत आलो. ती सोमवारीच येऊन गेली, हे त्याला कसं सांगणार?