झिल्बरवुर्त्सला मी घातलेलं खत

प्रिय बाबा,

तुम्ही जाऊन दीड महिना झाला. आज लिहायला बसलो, कारण काल जेवताना तुमच्या नातीनं, ईरानं, जर्मनमध्ये विचारलं, "पापा, आजोबांना डिमेन्झ होता ना?" डिमेन्झ, म्हणजे स्मृतिभ्रंश.

तुमची ती झिल्बरवुर्त्स. आल्प्समध्ये उंचावर, चुनखडीच्या खडीत चटईसारखं पसरणारं, जेमतेम बोटभर उंचीचं, बर्फाखालीही हिरवं राहणारं झुडूप. तुम्ही जर्मनीला आला होतात तेव्हा त्सुफेनहाउझेनला आमच्या मागच्या अंगणात तुम्ही आणि ईरानं चांगली काळी माती उपसून खडी भरलीत आणि ते लावलंत. ती जर्मनमध्ये बडबडायची, तुम्ही मराठीत. कसं जमायचं तुमचं?

"हिला उपाशीच ठेवायची," तुम्ही मला बजावलंत. "ऊन भरपूर आणि पाय कोरडे. आपल्या कासच्या कातळावर कुठं असते माती?" जन्मभर साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस सांगत होता, आणि मी इंजिनिअर मनात हसत होतो.

मग तुम्ही ईराला घेऊन तीन आठवडे आखनला आत्याकडे गेलात. मला ते रोप बिचारं, खुरटलेलं दिसायचं. मी कंपोस्ट घातलं, वर खत टाकलं, रोज संध्याकाळी पाइपनं पाणी. वाटलं, बाबा येईपर्यंत फुलवून दाखवू. तुम्ही दोघं आलात तेव्हा ते काळं पडलं होतं.

ईरा रडत होती. "कोणी केलं हे?"

मी म्हणालो, "आजोबांनी जाताना जास्त पाणी घातलं असेल. हल्ली विसरतात ते." किती सहज आलं तोंडातून!

तुम्ही वाकून मातीत बोट घातलंत, वास घेतलात. माझ्याकडे पाहिलंत. आणि तिला म्हणालात, "हो गं बाळा, वय झालं माझं."

का, बाबा? मला वाचवायची काय गरज होती? तुम्ही परत जाईपर्यंत पोर तुमच्याशी धड बोलली नाही. तरी तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत.

पुढे ईराकडून ऐकून दादानं साताऱ्याहून फोनवर विचारलं, "बाबा खरंच विसरतात का रे?" मी म्हणालो, "थोडं." त्या 'थोडं'वर त्यानं तुमच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. पुढच्या वर्षी तुमच्या व्हिसासाठी निमंत्रणपत्र पाठवायचं मी टाळलं. एकटे कसे येतील, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर तुमच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटत होती.

तेराव्याला दादा आल्यागेल्याला सांगत होता, "शेवटी शेवटी त्यांना कळत नव्हतं." मी शेजारी बसून मान डोलावली.

काल ईराला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "आजोबांना माहीत होतं?" मी हो म्हणालो. ती ताटावरून उठली. आज सकाळी माझ्याशी न बोलता शाळेत गेली. तिला कुठल्या तोंडानं बोल म्हणू?

वचन देतो, बाबा. रविवारी दादाला फोन करीन आणि सांगेन, बाबा काहीही विसरले नव्हते, मी खोटं बोललो. तो चिडेल, कदाचित बोलणंच टाकेल. मुकाट ऐकून घेईन. आणि बाकीच्यांना तूच सांग, असं त्याला म्हणणार नाही. तेराव्याला जे जे आले होते, त्या एकेकाला मीच फोन करीन.

तुमचा धाकटा,
समीर