तू रोखून धरलेलं बेसांव

प्रिय बाबा,

तू गेल्याला महिना झाला, आज चर्चमध्ये तुझ्या नावाची मिस्सा झाली. घरी आल्याबरोबर लिहायला बसले, कारण मिस्सेनंतर फादरांनी जे सांगितलं ते ऐकून मला तुझा भयंकर राग आलाय, आणि भांडायला तू नाहीस.

तो मेलेला डॉल्फिन आठवतो तुला? मी आठ-नऊ वर्षांची असेन. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढून झालं होतं आणि तो किनाऱ्याला लागला होता, अर्धा कुजलेला. त्याच्या वल्ह्यासारख्या पराची कातडी तू सुरीनं बाजूला केलीस. "फिलू, हयसर ये गो. बघ, हेका पण आमच्यासारखी बोटां आसत." खरंच होती, हाडांची पाच बोटं. ह्याला बोटं कशाला, असं मी विचारलं. "तां देवाक ठावक," म्हणालास आणि जाळं आवरायला गेलास. मी मात्र तिथेच अडकले. पुढे शास्त्र शिकले ते त्या बोटांपायी.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी मी हायस्कुलात शिकवायला लागले. उत्क्रांतीचा धडा आला तेव्हा पुस्तक मिटलं आणि मुलांना तुझा डॉल्फिन सांगितला. जमिनीवरचे प्राणी कधीकाळी पाण्यात परत गेले, हाताचं वल्हं झालं, बोटं आत राहिली. हे मला माझ्या बाबांनी दाखवलं, असंही सांगितलं. केवढ्या अभिमानानं सांगितलं होतं रे!

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी तुला गाठलं. "तुझां चेडू शिकयता, माणूस माकडापासून झालो. वर म्हणता, माका बापाशीन शिकयल्यान." चार माणसं हसली. त्या संध्याकाळी तेर्साची प्रार्थना संपली, माळ ठेवली आणि रोजच्यासारखे हात जोडून मी तुझ्यापुढे वाकले. वडिलांनी कपाळावर हात ठेवून बेसांव दिल्याशिवाय आपल्या घरात कुणी ताटावर बसत नाही. तू हात मागे घेतलास. आई म्हणाली, "आयकलात? चेडवाच्या माथ्यार हात ठेवा." तू म्हणालास, "माकडांका बेसांव लागना नाय."

सात वर्षं, बाबा. रोज वाकत होते मी. तुझ्या शेजारी गुडघ्यांवर बसून तीच माळ ओढत होते, ते तुला दिसलं नाही? माझ्या खडूनं मोडेल एवढाच का तुझा देव कच्चा होता?

शेवटच्या दिवसांत तुझा लुळा हात माझ्याच हातात असायचा. उचलून कपाळाला लावला असता तर तुला कळलंही नसतं. नाही लावला. हट्ट मी तुझ्याकडूनच घेतलाय.

आणि आज नवे फादर सहज बोलता बोलता म्हणाले, "बाई, चर्चची उत्क्रांतीच्या विचाराला मनाई नाही. शरीर आधीच्या जीवांतून आलं असेल, खुशाल अभ्यास करा. आत्मा देव देतो, तेवढं मात्र धरून राहा." मी विचारलं, कधीपासून? "रोमहून लिहून आल्याला झाली की सतरा वर्षं." म्हणजे मी शाळेत लागण्याच्याही कितीतरी आधीपासून.

तू फादरांना कधी विचारलंच नव्हतंस ना? पायऱ्यांवरचं ते हसणं तेवढं तू देवाचा शब्द मानलंस. आणि मी, एवढी शिकलेली, मीही विचारलं नाही. ते नाहीच म्हणणार, असं धरून चालले. कशाला जा त्यांच्या दारात, हा माझा ताठा. फादरांचं घर आपल्या कुंपणापासून हाकेवर आहे. दोघांपैकी एकही तिकडे गेला नाही. त्या एका न विचारलेल्या प्रश्नापायी बाप गेला माझा, तू जिवंत असतानाच गेला.

आता मी बेसांव मागणार नाही. तुझं मिळालं नाही, दुसऱ्या कुणाचं नको. पण एक सांगून ठेवते. त्या रविवारनंतर वर्गात मी "एका रापणकरानं दाखवलं" एवढंच म्हणत आले, तुला पुन्हा कुणी हसू नये म्हणून. पुढच्या आठवड्यात तो धडा परत आहे. या वेळी मी तुझं नाव घेणार आहे, आडनावासकट. तुला आवडणार नाही. तरी घेईन, नोकरी आहे तोवर दर वर्षी घेईन.

तुझीच,
फिलू