सूर बोटात असतो, यासंबंधी

मु. चिचटोला, ता. अर्जुनी मोरगाव
कोजागिरीनंतरचा मंगळवार

श्रीयुत ईश्वरदासजी गहाणे यांचे सेवेशी, केवळराम लंजे याचा चिचटोल्याहून रामराम पोहोचावा. आपण, वहिनी व लेकरं रायपुरात खुशाल असाल, आणि काही कारणाने नसाल तर लवकरात लवकर व्हावं, अशी मनापासून इच्छा आहे. आपल्या मातोश्री गेल्याचं मागच्या उन्हाळ्यात कळलं. त्या मला पोहे देताना तुझ्यापेक्षा चार शेंगदाणे जास्त टाकायच्या. मी यायला हवं होतं, आलो नाही, याचं वाईट वाटतं. (वर 'तुझ्यापेक्षा' असं लिहून गेलो, ते खोडत नाही. अकरा वर्षं रुसलेल्या माणसाला अहो-जाहोच करायचं असं ठरवून बसलो होतो, पण चार ओळींतच जीव थकला.) इकडे सर्व क्षेम आहे. जमुनाबाई बरी आहे, हलका धान घरात आला, भारी धान अजून उभा आहे, तलावाला पाणी भरपूर आहे. माझी प्रकृती उत्तम. फोन का केला नाही असं तू म्हणशील, तर त्याचं उत्तर असं की फोनवर तू मध्ये बोलतोस. कागदावर माणसाला आपलं म्हणणं शेवटपर्यंत मांडता येतं.

विषय गंभीर आहे. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला आवाज घडवायला पायाखाली पेट्या लागतात की नाही, या प्रश्नावर आपली मैत्री मोडली हे तू विसरला नसशील. त्या वर्षी दिवाळीतल्या मंडईच्या जत्रेत आपल्या मंडळाची दंडार, नाचगाण्याचा तो सगळा खेळ, रंगात आली होती, सगळा तालुका जमला होता, आणि गणाच्या ऐन मध्यावर तुझ्या निळ्या पेटीची बॅटरी संपून तुझी गिटार मुकी झाली, माझी शेजारीच वाजत होती. तेव्हा मी माइकवरून हसलो. नुसतं हसलो नाही, 'पेटी मेली तं कलाकारही मेला' असं बोललोही. त्यावर तू चार लोकांत म्हणालास की केवळ्याचा सूर म्हणजे फुटक्या मडक्यातलं पाणी, धरावा तोवर गळून जातो. मग तू पेट्या पोत्यात भरल्यास आणि दिवाळी संपायच्या आत रायपूरला साल्याच्या दुकानात बसायला निघून गेलास. बोललो ते बरोबर होतं असं माझं आजही मत आहे. माइकवरून बोललो ते मात्र चुकलं. (हे वाक्य जमुनाबाईने लिहायला लावलेलं नाही.)

माझा सिद्धांत तुला माहीत आहे. सूर बोटात असतो. लाकूड, तार, पेटी, भोंगा ही सगळी त्याला वाहून नेणारी गडीमाणसं. तरीही मतभेद असलेल्या माणसाची बाजू एकदा नीट तपासून मग तो चूक आहे हे पुराव्यानिशी कळवावं, अशा शुद्ध हेतूने मी गेल्या महिन्यात गोंदियाला गेलो. तिथे दुलीचंद म्हणून एक जुनी वाद्यं विकणारा आहे. त्याने 'ले जाओ चाचा, आठ दिन बजाके देखो' म्हणून तीन पेट्या विश्वासावर दिल्या: एक आवाज फाडणारी, एक घुमवणारी आणि एक लहरवणारी. कोणती आधी आणि कोणती नंतर जोडायची ते त्याने सांगितलं होतं, पण ते हिंदीत आणि घाईत सांगितलं. शिवाय असल्या गोष्टी मला कोणी शिकवाव्यात असं वाटलंही नाही. आपण कोहळी. आपल्या आजा-पणज्यांनी तलाव बांधले, आणि आज चौदा वर्षं गावाच्या पाण्याच्या पाळ्या मी लावतो. धानाच्या शेतांना पाणी वाटायचं तर शेवटच्या बांधीला आधी, जवळच्या बांधीला शेवटी. जवळच्याला आधी दिलं तर शेवटच्याला थेंब मिळत नाही, हे आपल्याकडे दूध पिणाऱ्या पोरालाही कळतं. त्याच न्यायाने मी तिन्ही पेट्या जोडल्या. जी अगदी शेवटी यायची, ती घुमवणारी, तिला गिटारचा आवाज सर्वांत आधी दिला आणि आवाज फाडणारीला सर्वांत शेवटी. म्हणजे झालं असं की घुमून घुमून दहापट झालेला आवाज त्या शेवटच्या पेटीने एकदम फाडला.

माझ्या ॲम्प्लिफायरचा पडदा उंदरांनी कुरतडलेला असल्यामुळे मी हे सगळं हनुमान मंदिराच्या भोंग्याला जोडलं होतं. (पुजाऱ्याची परवानगी होती. पुढे त्याने नव्हती असं सांगितलं.) दुपारचे चार वाजले असतील. मी डोळे मिटून गण धरला, विलंबित, अगदी भक्तिभावाने. कानावर जे आलं त्याला चिखल म्हणणंही कमीच, पण नव्या गोष्टीला थोडा वेळ द्यावा म्हणून वाजवत राहिलो. डोळे उघडले तेव्हा मंदिरात मी आणि मारुती असे दोघेच होतो. बाकीचं गाव डबे, थाळ्या, पत्रे बडवत तलावाच्या पारीच्या उंच बांधावर धावलं होतं. तीन वर्षांपूर्वी छत्तीसगडच्या बाजूने हत्ती येऊन धान तुडवून गेले, तेव्हापासून आमच्याकडे असल्या आवाजाला कोणी संगीत समजत नाही. कवडू राखणदार मोहाच्या झाडावर चढला आणि उतरायला तयार होईना. वनरक्षक मोटारसायकलवर आला, कळप कोणत्या दिशेला आहे असं त्याने विचारलं, तर कोणीतरी मंदिराकडे बोट दाखवलं. त्याने मला खात्रीसाठी तेच पुन्हा वाजवायला लावलं. मी वाजवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की हा हत्ती नव्हे, परंतु खरे हत्ती आले तर हाकलायला ही सामग्री खात्याला उपयोगी पडेल, तेव्हा पत्ता देऊन ठेवा. दुसऱ्याच दिवशी तिन्ही पेट्या दुलीचंदला परत केल्या.

इथवर हसायला हरकत नाही. पुढचं हसण्यासारखं नाही. त्या प्रकारानंतर मंडळाची बैठक झाली. आपले अध्यक्ष अजून इंद्रकुमारच आहेत, त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि मग म्हणाले, "केवळभाऊ, राग नोको धरू. नूतनच्या कीबोर्डावर गिटारचं बटन हाये." नूतन त्यांची मुलगी, गोंदियाला शिकते, गुणी आहे, तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तिने बटण दाबून दाखवलं. खोटं कशाला लिहू, सूर लांब होता. तिने एक स्वर दाबून तिथे फूटपट्टी खोचली आणि माठातलं पाणी पिऊन आली, तरी सूर तसाच चालू. मंडळी माझ्याकडे पाहत होती आणि मी माठाकडे. आपल्या मंडळाची रीत तुला आठवत असेलच, गणाच्या शेवटच्या सुरावर नाचणारे एक पूर्ण फेरा घेतात, आणि तो फेरा संपेपर्यंत गिटारने सूर सोडायचा नाही. बावीस वर्षं मी तो धरला आहे. पाऊस असताना धरला, तापात धरला, तू गेलास त्या वर्षीही धरला. शेवटी असं ठरलं की दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी सगळ्यांसमोर गण वाजवावा. फेरा पुरा होईतो सूर टिकला तर मंडईत माझी जागा मला, नाहीतर मी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसून टाळी द्यायची. ईश्वर, मला ती सतरंजी नको आहे. दुसरं काही मी देवाकडे मागत नाही.

तात्पर्य, सर्व बाजूंनी विचार करता माझा सिद्धांत अबाधित आहे. गिटारवाल्याला पेट्यांची गरज नाही. ज्याच्या बोटात सूर आहे त्याने वाजवावं, ज्याच्या नाही त्याने पेट्या घ्याव्यात. हे मी अकरा वर्षांपूर्वी म्हणालो होतो, आज तपासून पुन्हा म्हणतो. तू हे मान्य करावंस असा आग्रह नाही. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा (तू नाही म्हणालास तरी),
केवळराम

ता. क. तुझी ती निळी पेटी, सूर लांबवणारी, अजून असेल आणि धूळ खात पडली असेल, तर त्या रविवारच्या आत रायपूर-नागपूर बसच्या कंडक्टरजवळ दे. मी देवरीला येऊन घेईन. दुलीचंद म्हणतो ती मागवायला वीस दिवस लागतील, आणि तोवर मंडई होऊन जाईल. गैरसमज नसावा. पेटी फक्त अभ्यासासाठी हवी आहे.

दुसरा ता. क. बॅटरी नवी टाकून पाठव.

भाऊजी, जमुनाबाईचा रामराम. पत्र टपालात टाकाले मायाजवळ देल्लं, मी वाचून घेतलं. यायनं, मंजे तुमच्या दोस्तानं, खरं लिवलंच नाई. पोळ्याच्या आठ दिवस आंदी कुट्टी मशीनीत यायच्या डाव्या हाताचं, तार दाबाच्या हाताचं, करंगळीजवळचं बोट अर्धं गेलं. टाके सुकले, आता दुखत नाई मनते. रोज गोठ्यात बसून तोच शेवटचा सूर धरते आन तो मधातच मरते. मंग मायाकडं पाहून मनते का तार खराब हाये. तीन येळा तार बदलली. सूर बोटात रायते असं जनमभर गावाले सांगत आले, आता कोणत्या तोंडानं पेटी मांगन, मनून इतकं मोठं पत्र लिवून रायले. पेटी पाठवजा. संग चिठ्ठी लिवाल तं बोटाचं नाव नोका काढू. चिठ्ठीत चांगलं जोरदार भांडजा, जसं पयले भांडत होते तसं, मंजे यायले वाटन का तुमाले काईच मालूम नाई.