पाट्या संपेपर्यंत बंद करू नये

मी, या कागदाखाली सही करणारी, वय सहासष्ट, अविवाहित, धंदा टीव्ही आणि व्हिडिओ दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. देताना त्या म्हणाल्या, "डोक्याला काही झालेलं नाही तुमच्या, जिभेचं मात्र बघायला हवं." दाखला सोबत जोडला आहे. जिभेचा उल्लेख त्यात नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखेही काही नाही.

लिहिण्याचे कारण असे, की येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही. मीसुद्धा चाळीस वर्षे गिऱ्हाइकांना हेच सांगत आले, आणि बहुतेक यंत्रे चालू होऊन परत गेली. बहुतेक.

कलम एक. खालचे दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या एकुलत्या एका धाकट्या भावाच्या मुलीला द्याव्यात. गेली सहा वर्षे तिचा बाप आणि मी एकमेकांशी बोललेलो नाही. ती मात्र दर महिन्याला येते, "आत्या, बाबांना सांगू नकोस हं," असे म्हणते, आणि घरी जाऊन बहुधा सगळे सांगते. स्वयंपाकघराचा नळ उलट्या बाजूला फिरतो हे तिला माहीत आहे. भाडेकरू ठेवल्यास त्याला सांगावे, नाहीतर पाय धुऊन निघतील.

कलम दोन. बँकेतील बचतीतून दवाखान्याचा खर्च जाऊन जे उरेल ते कोपऱ्यावरच्या वाचनालयाला द्यावे. अट एकच: तिथे डिस्क लावण्याचे यंत्र चालू स्थितीत ठेवावे आणि त्याच्यासमोर पाठ टेकता येईल अशी खुर्ची असावी. सध्याच्या स्टुलावर बसून कोणीही एका भागाच्या वर काही पाहू शकणार नाही.

कलम तीन. माझी सगळी हत्यारे, डाग देण्याची (सोल्डरिंगची) इस्त्री, बारीक स्क्रूड्रायव्हरांचा डबा आणि भिंग, शेजारच्या दुकानातल्या शिलाईमशीन दुरुस्त करणाऱ्या बाईंना. त्यांना उसने मागायचा संकोच वाटतो, म्हणून मी न मागता देत आले. आता परत आणून देण्याचाही संकोच नको.

कलम चार. सुटे भाग विकणाऱ्या घाऊक दुकानदारासाठी मी काहीही ठेवत नाही. पहिल्या दिवशी त्याने माझ्याकडे न बघता "मालकांना पाठवा" असे म्हटले होते. मालक मीच होते. हे कलम त्याला जरा मोठ्याने वाचून दाखवावे, हल्ली त्याला कमी ऐकू येते.

कलम पाच. आता मुख्य ऐवज, आणि तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. वकीलबाई म्हणाल्या की एवढे लिहायची गरज नाही. गरज मला आहे.

"टपालपेटी क्रमांक सात" ही सव्वीस भागांची मालिका टीव्हीवर लागायची तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि भाऊ नववीत. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलेला आणि परत कधीच न नेलेला व्हीसीआर मी घरी आणला होता. कॅसेट तीन तासांची. जाहिराती गाळल्या आणि शेवटी येणाऱ्या नावांच्या पाट्या गाळल्या तर एका कॅसेटवर चार भाग नेमके बसत. पाट्या धरल्या तर चौथ्या भागाचा शेवट तुटे. म्हणून जाहिरात लागली की मी बटण दाबून टेप थांबवायची, भाऊ पडद्याला नाक लावून बसायचा आणि मालिका परत आली की "आली, आली!" असे ओरडायचा. पाट्या सुरू झाल्या की मी टेप बंद करायची आणि त्याच क्षणी आई टीव्हीच बंद करून टाकायची. "नावं वाचून काय करायचंय? आपलं कोणी आहे का त्यात?" असे तिचे म्हणणे. सव्वीस आठवड्यांत आमच्या घरात एकही पाटी कोणी शेवटपर्यंत पाहिली नाही.

मालिका एका लहान टपालघराची होती. तिथल्या पोस्टमास्तरला खणामागे अडकून पडलेले बारा वर्षांपूर्वीचे पत्र सापडते. घर सोडून गेलेल्या एका माणसाने बायकोची माफी मागितलेली असते. इतक्या वर्षांनी ते पोचवायचे की नाही, यात त्याचा जीव टांगणीला लागतो. शेवटच्या भागात त्याची बदली होते, तो पत्र खिशात घालतो, टपालघराला कुलूप लावतो आणि चालू लागतो. संपले.

मालिका संपली आणि आमचा वाद सुरू झाला. मी म्हणायची, पत्र त्याने दिलेच नाही, भित्रा होता. भाऊ म्हणायचा, "अगं ताई, खिशात घातलं ते द्यायलाच ना! नसतं द्यायचं तर खणात परत टाकलं असतं." मी म्हणायची, "दाखवलं नाही म्हणजे झालं नाही." तो वाद त्याच्या नववीपासून त्याच्या लग्नापर्यंत आणि त्याच्या लग्नापासून आईच्या आजारपणापर्यंत चालला. आई दोघांनाही गप्प बसवायची आणि आतून कान देऊन ऐकायची.

कलम सहा, ज्यात झगडा आहे. आई गेल्यावर घर रिकामे करताना भावाने आमच्या सातही कॅसेट भंगारवाल्याला दिल्या, मला न विचारता. आठवड्याने माझा साठावा वाढदिवस होता, आणि त्याने माझ्यासमोर त्याच मालिकेचा नवाकोरा संच ठेवला. झगझगीत पेटी, वर लिहिलेले: नव्याने स्वच्छ केलेली आवृत्ती. त्याचा चेहरा असा फुलला होता, की आजही तो आठवला तर माझी मलाच शरम वाटते.

मी आभार मानले नाहीत. मी सव्वीस भाग बसून पाहिले आणि त्यातल्या एकेचाळीस चुका फुलस्केप कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहून टपालाने पाठवल्या. चुका खोट्या नव्हत्या. पडदा रुंद दिसावा म्हणून त्यांनी चित्राचा वरचा आणि खालचा भाग कापला आहे. पोस्टमास्तरची टोपी गेली, आणि टेबलावर पत्रे लावणारे त्याचे हात गेले. चेहरे इतके घासले आहेत की सगळे मेणाचे दिसतात. पण शेवटी मी खाली लिहिले, "ज्याला हे चांगले वाटते त्याला कॅसेटची किंमत काय कळणार." त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. कॅसेटना बुरशी लागली होती, हे खरे तर मला, चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या कॅसेटची बुरशी पुसणारीला, त्याच्याआधी दिसायला हवे होते.

कलम सात. भावासाठी या मालिकेची सर्वांत चांगली आवृत्ती ठेवायची, असे मी ठरवले. काहीही न बोलता ती त्याच्या हातात पडावी आणि त्याला कळावे की मी राग धरून गेले नाही, एवढाच हेतू. त्यासाठी बाजारात आलेले तिन्ही संच मी जमवले आणि महिनाभर शेजारी शेजारी लावून तपासले. निष्कर्ष पुढीलप्रमाणे.

पहिला संच, चार डिस्कचा: प्रत्येक भागाची पाच-सहा मिनिटे छाटलेली. मूळ बासरीच्या जागी लिफ्टमध्ये वाजते तसले काहीतरी. हा देण्याच्या लायकीचा नाही. दुसरा भावाने दिलेला, त्याच्या चुका वर आल्याच आहेत. तिसरा, कुण्या लहान कंपनीने काढलेला, जाड पुठ्ठ्याच्या पेटीतला: चित्र अंधुक, खाली परक्या भाषेतल्या ओळी, आणि त्या काही केल्या जात नाहीत. पण टोपीसकट, हातांसकट, बासरीसकट पूर्ण. सर्वोत्तम हाच, असे मी पेनाने लिहूनही ठेवले होते.

मागच्या रविवारी फक्त न्याय म्हणून भावाने दिलेल्या संचातला सव्विसावा भाग पुन्हा लावला. पोस्टमास्तरने कुलूप लावले, पाट्या सुरू झाल्या, माझा हात सवयीने रिमोटकडे गेला, तेवढ्यात आत दूध उतू गेले. मी धावले. गॅस बंद करून, ओटा पुसून बाहेर येते तो पाट्या संपलेल्या आणि चित्र चालूच. एक गल्ली. एक दार. दार उघडते आणि एका बाईचा हात ते पत्र घेतो. पोस्टमास्तर दिसतही नाही, फक्त त्याची सावली पायरीवरून उतरते. एक मिनिट, एकही शब्द नाही.

पत्र दिले होते. एकोणचाळीस वर्षे तो बरोबर होता.

मी ओले फडके हातात घेऊन जमिनीवर बसले. मग पहिल्यांदाच त्या पेटीतली पुस्तिका बाहेर काढली. तिच्या खाली भावाच्या अक्षरातली चिठ्ठी होती: "ताई, पाट्या संपेपर्यंत बंद करू नकोस. मग मला फोन कर." सहा वर्षे ती तिथेच होती. तो माझ्या फोनची वाट बघत होता आणि त्याला मिळाला फुलस्केप कागद. एकेचाळीस चुका काढणारीने शेवटचे मिनिट पाहिलेच नव्हते. इतर दोन्ही संचांत पुन्हा पाहिले. पहिल्यात सगळ्या भागांना एकच पाटी चिकटवली आहे आणि तिसऱ्यात पाट्याच नाहीत. ते मिनिट फक्त त्याने दिलेल्या संचात आहे.

सबब मी माझे आधीचे मत मागे घेते आणि लिहून ठेवते, की या मालिकेची सर्वांत चांगली आवृत्ती माझ्या भावाने मला दिलेली आहे, कापलेल्या टोपीसकट. तिन्ही संच, ते लावायचे यंत्र आणि ही कबुली त्याला द्यावी.

कलम आठ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

पुरवणी. वरील मजकूर काल लिहून संपला. पण कलम सात वाचून वाटले, हे सगळे त्याला मी मेल्यावरच कळायचे असेल तर मी पोस्टमास्तरपेक्षाही भित्री. म्हणून रात्रीचे जेवण टाकून फोन लावला.

"कोण?"

"मी बोलतेय. मृत्युपत्र करतेय. तुझा पत्ता सांग."

"तोच आहे. ज्यावर एकेचाळीस चुका पाठवल्या होत्यास."

"एक राहिली होती. ती माझी आहे. शेवटचं मिनिट मी रविवारी पाहिलं रे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "सहा वर्षं लागली होय तुला एक मिनिट बघायला?"

आज सकाळी सही करायला वकीलबाई आल्या. एक साक्षीदार म्हणून औषधांच्या दुकानाचे मालक आले. दुसऱ्या साक्षीदार डॉक्टरीणबाई, त्या दवाखान्यात अडकल्या. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली आणि भाऊ आत आला. केस पांढरे झाले आहेत, चष्मा जाड झाला आहे. त्याने टेबलावरचे कागद उचलले आणि उभ्याउभ्या सगळे वाचले. कलम चारला हसला. कलम सातला चष्मा काढून पुसला, दोनदा.

मग वकीलबाईंना विचारले, "साक्षीदाराला यातलं काही मिळतं का हो?"

"नाही," त्या म्हणाल्या. "साक्षीदाराच्या नावे काही ठेवलं असेल तर ते बाद होतं."

"मग पेन द्या."

मी म्हटले, "अरे, तुझं कलम बाद होईल ना!"

"होऊ दे. तू गेल्यावर मी एकटा बघत बसू का ते? आत्ता लाव की. पहिल्या भागापासून."

औषधवाल्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते मी लपवले नाही. मी म्हटले, सर्वोत्तम कोणता ते मी आता लिहून दिले आहे, पण बघायला पुठ्ठ्याच्या पेटीतला लावू, त्यात हात दिसतात. तो म्हणाला, त्यात माणसं दिसत नाहीत. दहा मिनिटे दोघे भांडलो. इतके बरे वाटले, की वकीलबाईंना चहा द्यायचा राहून गेला. अखेर विषम भाग त्याच्या संचातून आणि सम माझ्या संचातून, असे ठरले. मग त्याच्या लक्षात आले की सव्वीस हा सम आहे. तो एक भाग त्याच्या संचातून, असे मी मान्य केले.

शनिवारी संध्याकाळी मला दवाखान्यात दाखल व्हायचे आहे, म्हणजे आजपासून चार दिवस. रोज तीन धरले तरी बारा भाग.

"आणि उरलेले चौदा?" मी विचारले.

"नंतर," तो म्हणाला, आणि यंत्राची वायर शोधायला लागला. सर्जनच्या इतक्या बोलण्याने आला नव्हता तो धीर मला त्या एका शब्दाने आला.

कलम सात बाद होत असले तरी खोडू नये. बाकी सर्व कलमे कायम. हे मी लिहिले, वाचले, आणि मला मान्य आहे. त्याखाली माझी सही आहे.

(सही) व्हिडिओ-दुरुस्तीवाली

ठिकाण: दुकानाच्या वरची पुढची खोली, टीव्हीसमोर
दिनांक: १२ फेब्रुवारी, बुधवार

मृत्युपत्र करणारीने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही तिच्यासमोर:

साक्षीदार एक: (सही) औषधांच्या दुकानाचे मालक

साक्षीदार दोन: (सही) धाकटा भाऊ, कलम सातवर पाणी सोडून. सही करताना एक अट घालतो आणि वकीलबाईंनी ती लिहू दिली आहे: सव्विसावा भाग ऑपरेशननंतर, दोघांनी मिळून. त्याआधी ताईने तो एकटीने लावू नये.