झिजणे, अर्थ दुसरा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, शब्दकोश कार्यालयातून निवृत्त, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. हे मृत्युपत्र कोणी दडपण आणून लिहून घेतलेले नाही. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व गच्चीचा तुकडा, मी धाकट्या बहिणीला देते. ती नको म्हणेल. का, ते लिहिणे भाग आहे.

कोशातले ‘झ’ हे अक्षर माझ्याकडे होते. ‘झिजणे’वर मी सव्वा महिना घालवला. मुख्य संपादक त्याचे नाते ‘झरणे’शी लावत होते. मी भांडून सिद्ध केले की मूळ संस्कृत ‘क्षि’, म्हणजे कमी होणे. त्यावरून ‘क्षीयते’, प्राकृतात ‘झिज्जइ’, मग आपले ‘झिजणे’. पहिला अर्थ सोपा: घासून कमी होणे, जशी पायरी. दुसरा, कोणासाठी तरी कष्टून खंगणे. त्याला उदाहरण मिळेना. संपादक म्हणाले, "चंदन घाला की!" मी म्हटले, ते गुळगुळीत झाले आहे.

त्या वर्षी आई बहिणीच्या घरी अंथरुणाला खिळली होती. मी रविवारी फळे घेऊन जायची, तासभर टेकायची, उठायची. एकदा बहीण मला दारातच म्हणाली, "तू तिकडे शब्द निवडत बस, ताई. इथे आईला उचलता उचलता मी झिजले."

मी परतताना बसच्या तिकिटामागे ते वाक्य उतरवून घेतले. खरे सांगते, मला आनंद झाला होता.

कोश छापून आला तेव्हा आई गेलेली होती. पहिली प्रत मीच मिरवत बहिणीकडे नेली. तिने ते पान वाचले, पुस्तक मिटून माझ्या पिशवीत परत ठेवले आणि म्हणाली, "माझं दुखणं तुला उदाहरणाला बरं सापडलं." त्याला एकोणीस वर्षे झाली. तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

२. बँकेतील ठेवीतून, घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्या बायकांना आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी म्हणून बदली बाई ठेवावी. मला हे तेव्हा सुचले नाही. रविवार तर माझा मोकळाच असे.

३. टेबल व भिंग कार्यालयाला. मुख्य संपादकांना काही नाही; ते अजून ‘झरणे’च म्हणतात.

४. पुढील आवृत्तीत बहिणीचे वाक्य काढावे. चंदन घातले तरी चालेल.

५. वकिलांना वारसाचा पूर्ण पत्ता हवा होता. बहिणीने घर बदलल्याचे कानावर होते. मंगळवारी फोन केला.

"पत्ता हवा होता तुझा."

"कशाला?"

"मृत्युपत्रात घालायला."

तिने तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "बरं वाटत नाहीये का तुला?"

"तसं काही नाही."

"मग घाई कसली? जिना आहे तीन मजल्यांचा. हळूहळू चढ, पण ये. पत्ता फोनवर सांगते, तो यायला लिहून घे. कागदात नंतर घाल."

सबब पत्त्याची जागा तूर्त कोरी सोडली आहे.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरील शिंपीणबाई (सही), कोपऱ्यावरील चष्मेवाले (सही). दोघांनी एकमेकांसमोर व माझ्यासमोर सह्या केल्या. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात, म्हणून चहा दिला.

स्थळ: राहते घर. १४ ऑक्टोबर, गुरुवार.

सही: थोरली बहीण