नाकतोड्याच्या दोन पट्ट्या

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, वजन कपड्यांसह बावन्न किलो, धंद्याने ड्राफ्ट्समन, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी दडपण आणलेले नाही. एका गोष्टीची लाज मात्र एकतीस वर्षे मानगुटीवर बसली आहे, ती दडपणात धरायची का ते वकीलबाईंनी ठरवावे. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत खोटे काही नव्हते, पण खरेही काही नव्हते.

कलम १. दोन खोल्यांचे राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला. न्हाणीघराचे दार खाली घासते. ते तासू नये, बिजागरी थोडी वर घ्यावी. जावयांच्या हाती रंधा देऊ नये, त्यांचा उत्साह दांडगा आहे.

कलम २. ड्रॉइंग बोर्ड व कंपासपेटी तंत्रशाळेला. व्हर्नियर कॅलिपर घड्याळजीने सात वर्षांपूर्वी "दोनच दिवस" म्हणून नेला, तो त्यालाच दिला असे समजावे. मेल्यावर तरी मला उदार होऊ द्या.

कलम ३. जिन्याखाली ताडपत्रीत उभी असलेली छोटी मोटरसायकल, कारखान्यातले लाडके नाव नाकतोडा. आमच्या कारखान्यात आधी दोन पिढ्या तराजू बनत. मोठे मालक गाड्यांकडे वळले, पण तराजूवाल्याची खोड गेली नाही. नटसुद्धा काट्यावर चढायचा आणि ड्रॉइंगवर मापाशेजारी वजन लिहावेच लागे. "साठ किलोच्या आत" अशी जाहिरात आधीच छापून झाली होती. गाडी भरली साठ किलो दोनशे ग्रॅम.

हँडलखालच्या सांध्याला आधार म्हणून दोन त्रिकोणी पट्ट्या होत्या. त्या सुचवल्या होत्या दाजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या यजमानांनी. फ्रेमचे वेल्डिंग तेच करीत. दोन्ही पट्ट्या मिळून दोनशे वीस ग्रॅम. मी पट्ट्या गाळून नवे ड्रॉइंग काढले. दाजी तावातावाने वर आले.

"अरे, या काढल्यास तर सांधा झेपेल का?"

"दाजी, तुम्ही फक्त जोडा. हिशेब माझ्यावर सोडा."

हिशेब मी केलाच नव्हता. मला मालकांची शाबासकी हवी होती आणि ती मिळाली.

चौथ्या महिन्यात टेस्ट रायडरच्या गाडीचा सांधा तुटला. त्याचा पाय कायमचा अधू झाला. चौकशीत दाजी म्हणाले, "आधीच्या ड्रॉइंगमध्ये पट्ट्या होत्या. विचारा याला." मी म्हणालो, "कधीच नव्हत्या. वेल्डिंग कच्चे राहिले असेल." जुने ड्रॉइंग तेव्हा माझ्याच खणात होते. दाजींची नोकरी गेली, पुढे जन्मभर त्यांनी लोकांच्या खिडक्यांचे गज जोडले. पट्ट्या नंतर प्रत्येक गाडीला लागल्या, त्याही माझ्या नावावर. कंपनीच्या वारसा दालनात त्यासाठी माझा फोटो टांगला आहे. मुलीने तो उतरवून घ्यावा.

दाजींनी ताईला माझे नाव कधी सांगितले नाही, तिचे माहेर तुटू नये म्हणून. उलट तीच माझी समजूत घालायची, "तू का मान खाली घालतोस? हात चुकतो रे माणसाचा, यांचाही चुकला." गेल्या वर्षी ती हेच मनात घेऊन गेली. मी उशाशी बसलो होतो. तेव्हाही तोंड उघडले नाही. याची मला शरम वाटते, आणि लिहून ती कमी होत नाही.

सबब, नाकतोडा दाजींना द्यावा. पहिल्या तुकडीतला आहे, पट्ट्या नाहीत, त्यामुळे चालवू नये. जुने ड्रॉइंग व या कलमाची प्रत कंपनीला आणि त्या टेस्ट रायडरला मी जिवंत असतानाच पोचती करीत आहे.

पुरवणी, त्याच संध्याकाळी. सही करण्याआधी दाजींना बोलावून सर्व वाचून दाखवले. ताईबद्दलच्या ओळी त्यांनी दोनदा वाचायला लावल्या. मग विचारले, "साक्षीला कोण?" वकीलबाईंनी सांगितले, ज्याला काही मिळणार त्याने साक्ष केली तर त्याचे मिळणे बाद होते. तेव्हा गाडी घ्या, नाहीतर सही करा.

"गाडी राहू दे," दाजी म्हणाले. "पेन दे इकडे."

मी माफी मागितली.

"ती असताना मागायचीस," ते म्हणाले.

सबब गाडीपुरते कलम ३ बाद, गाडी मुलीला. बाकी प्रत्येक शब्द कायम.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: अठरा नोव्हेंबर.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिली: खालच्या मजल्यावरची परिचारिका. (सही)

साक्षीदार दुसरे: माझ्या ताईचे यजमान. व्यवसायापुढे मी "निवृत्त" लिहिले होते. ते खोडून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे: वेल्डर. (सही)